गाडीचा भोंगा उगाच वाजत नाही

समुद्रपूर तालुक्यातले जाम हे गाव वर्धा जिल्ह्याबाहेरच्या लोकांना माहीत असते ते तिथल्या चौरस्त्यामुळे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे जुन्या लोकांचा ‘सात नंबर’, इथून पुढे हिंगणघाटकडे जातो आणि वरोरा-चंद्रपूरचा रस्ता इथेच फुटतो. मे महिन्याची दुपार, पारा पंचेचाळिशीच्या घरात, कार उन्हात उभी. निघण्याआधी ती जरा गार व्हावी म्हणून मालक सावलीत बसूनच रिमोटचे बटण दाबतो. इंजिन चालू होते आणि त्याच क्षणी गाडी भोंगा वाजवू लागते. इंडिकेटर लुकलुकतात, आजूबाजूचे लोक माना वळवतात आणि मालक ओशाळून रिमोटची सगळी बटणे दाबत सुटतो. चोराचा पत्ता नसतो. ‘सिस्टिमच बोगस आहे’ असा निकाल जागीच लागतो आणि पुढच्या खेपेला कुणीतरी सायरनची वायर कापून टाकतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकतो. अशा प्रसंगी अलार्मने त्याला मिळालेल्या खबरीनुसारच काम केलेले असते. एक तर त्याला कळायला हवे ते कुणी कळवलेले नसते, नाहीतर कळवणारी बॅटरी, स्विच किंवा वायर खोटे सांगत असते. म्हणून एखादा भाग बदलण्याआधी, आणि वायर कापण्याआधी तर नक्कीच, एक गोष्ट पाहायला हवी: भोंगा नेमका कोणत्या क्षणी वाजला?

दुरून इंजिन चालू करण्याची सोय मुळात थंड मुलखांतली. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ वितळावा आणि आतली हवा उबदार व्हावी म्हणून ती लोकप्रिय झाली. आपल्याकडे ती आली ती उलट्या कारणाने, एसीसाठी. २०१९ साली ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर, किया सेल्टोस अशा इंटरनेटला जोडलेल्या गाड्या बाजारात आल्या आणि मोबाइलवरून किंवा चावीवरच्या बटणाने इंजिन चालू करणे मध्यमवर्गीय घरांतही परिचयाचे झाले. कंपनीतून बसून येणारी सोय आणि बाजारातून बसवून घेतलेली सोय यांत मोठा फरक आहे, आणि आपल्या प्रश्नाचे मूळ बरेचसे तिथेच सापडते. कंपनीच्या गाडीत अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि इंजिन चालू करणारी यंत्रणा एकाच आराखड्यातून आलेल्या असतात. आधी लॉकचे बटण, मग काही सेकंदांच्या आत स्टार्टचे बटण दाबून धरायचे, असा क्रम असतो. दरवाजे बंद आहेत का, बॉनेट बसले आहे का, गिअर योग्य जागी आहे का, हे गाडी स्वतः तपासते आणि एखादी अट पुरी झाली नाही तर चालूच होत नाही. गाडीत कुणी येऊन बसले नाही तर बऱ्याच मॉडेलांत साधारण १० मिनिटांनी इंजिन आपोआप बंद होते.

बाजारातून बसवलेल्या यंत्रणेचे तसे नसते. तिथे एका घरात दोन राखणदार नेमलेले असतात आणि त्यांची एकमेकांशी ओळख नसते. मूळ अलार्मच्या दृष्टीने गाडी लॉक आहे, मालकाने रिमोटने ती उघडलेली नाही, तरीही इग्निशनला वीज मिळाली आणि इंजिन फिरले. चोर गाडी पळवतो तेव्हा हेच घडत असते, तेव्हा त्याने आरडाओरडा केला तर त्याचे काय चुकले? हा गोंधळ टाळायचा तर नव्या यंत्रणेने इंजिन फिरवण्याआधी मूळ अलार्मला ‘आता शांत राहा’ असा संदेश द्यायला हवा आणि गाडी बंद झाल्यावर पुन्हा पहाऱ्यावर बसवायला हवे. जुन्या गाड्यांत हा संदेश एका साध्या वायरने जात असे. ती वायर शोधून जोडली की काम भागे. आता दरवाजा, लॉक, दिवे, इग्निशन यांची बातमी दोन पिळलेल्या तारांच्या जाळ्यावरून अंकांच्या रूपात धावते. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ही ‘कॅन’ पद्धत आज जवळपास प्रत्येक कारमध्ये आहे. तिथे नवी यंत्रणा त्या विशिष्ट मॉडेलची भाषा शिकलेली असावी लागते. त्यासाठी मधे बसवायच्या मॉड्यूलचे प्रोग्रॅमिंग करावे लागते आणि ते दुसऱ्याच मॉडेलचे टाकले गेले, किंवा घाईत राहूनच गेले, तर गाडी चालू होते खरी, पण प्रत्येक वेळी बोंब मारून. भोंगा बटण दाबताच, सेल्फ फिरण्याआधी किंवा फिरता फिरता, आणि दर वेळी न चुकता वाजत असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. अशा दोषाला लहर नसते. तो रोज तसाच वागतो.

लहरीपणाने वागते ती बॅटरी. सकाळी वाजला, दुपारी नाही. घरी वाजला, शोरूममध्ये नाही, असे असेल तर दुसरे काहीही उघडण्याआधी बॅटरी मोजावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे ती साधारण निम्म्यावर आली, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामीच. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या एक-दोन सेकंदांत बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह खेचला जातो आणि व्होल्टेज कोसळते. ते ९.६ च्या खाली जात असेल तर गाडी चालू होत असली तरी आतल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या क्षणभर भानावर राहत नाहीत. काही स्वस्त अलार्म तर व्होल्टेजच्या घसरणीवरूनच दरवाजा उघडल्याचा अंदाज बांधतात, कारण दार उघडले की आतला दिवा लागतो आणि व्होल्टेज किंचित उतरते. त्यांना सेल्फचा झटका म्हणजे चारही दारे एकदम उघडल्यासारखा वाटतो. काही महागड्या गाड्यांच्या सायरनमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते. मुख्य वीज तुटली की चोराने तार कापली असे समजून तो ओरडतो. किल्लीने चालू करताना गाडीची दुबळी मुख्य बॅटरी उघडी पडत नाही, कारण तेव्हा अलार्म आधीच उतरवलेला असतो. रिमोटने चालू करताना ती उघडी पडते, आणि दोष नव्या यंत्रणेवर येतो.

विदर्भातल्या उन्हाचा आणि या दुबळेपणाचा थेट संबंध आहे. थंडीत बॅटरी बंद पडते म्हणून लोक थंडीला दोष देतात, पण तिचे आयुष्य खाल्लेले असते उन्हाळ्याने. तापमान १० अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. पाणी उडते, पत्र्यांना गंज चढतो. नागपूरच्या पाऱ्याने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश गाठले होते. अशा उन्हात डांबरावर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय तापत असेल याचा अंदाज करावा. त्यात टर्मिनलवर जमलेला पांढरा-हिरवा थर आणि अर्थिंगच्या वायरचा सैल बोल्ट यांची भर पडते. चांगली बॅटरीसुद्धा त्यामुळे रोगट वाटते. टर्मिनल घासून, घट्ट करून पुन्हा मोजण्याचे काम पाच मिनिटांचे आणि जवळपास फुकटचे; पण ते कमीपणाचे वाटत असावे, कारण त्याआधीच कित्येक मालक नवा सायरन विकत घेऊन मोकळे होतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

भोंगा इंजिन नीट लागल्यानंतर, काही सेकंदांनी किंवा मिनिटाभराने वाजत असेल तर गोष्ट वेगळी. संदेश पोहोचला, बॅटरीही टिकली. आता कुठलातरी सेन्सर फसला आहे. शॉक सेन्सर म्हणजे धक्का ओळखणारी डबी. इंजिनाची थरथर तिला धक्का वाटू शकते, म्हणून रिमोटने गाडी चालू असेपर्यंत तिला गप्प ठेवण्याची सोय चांगल्या यंत्रणेत असते. ती जोडलेली नसेल, किंवा डबीचा स्क्रू फिरवून तिला फार हळवे केले असेल, तर महामार्गाच्या कडेला तिला रात्रभर झोप नाही. भरलेला ट्रक शेजारून गेला तरी ती दचकते. ज्या गाडीत आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे तिथे गंमत आणखी वेगळी. तो कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि त्याचे परावर्तन बदलले की कुणीतरी आत शिरले असे मानतो. इंजिन चालू होताच एसीचा पंखा पूर्ण जोरात सुटतो, हवा हलते, आरशाला लटकवलेली माळ झुलू लागते, आणि त्याला चोर दिसतो. माळ काढून आणि पंखा एकवर ठेवून पाहणे, एवढीच इथली तपासणी. काच बोटभर उघडी राहिली तरीही हेच होते.

यंत्राने फसावे किती, यालाही मर्यादा घालून दिलेली आहे, हे फारसे कुणाला माहीत नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ११६ वा नियम अलार्मबद्दल बोलतो. भोंगा एका वेळी किमान २५ आणि कमाल ३० सेकंद वाजावा. त्याचा आवाज २ मीटरवर १०५ ते ११८ डेसिबल असावा. १६५ मिलिमीटर व्यासाच्या अर्धगोलाने ४.५ ज्यूलपर्यंतचा धक्का गाडीच्या अंगावर कुठेही दिला तरी तो वाजू नये. बॅटरी ताशी अर्ध्या व्होल्टने उतरत ३ व्होल्टपर्यंत गेली तरीही वाजू नये. आपल्याकडे याच विषयावर एआयएस-०७६ हे मानक आहे आणि या मालिकेतली मानके पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन प्रसिद्ध करते. म्हणजे खोटा गजर ही नशिबाची गोष्ट नाही, मोजून टाळायची गोष्ट आहे, असे नियम करणाऱ्यांनी फार पूर्वीच धरले आहे. मात्र ही परीक्षा एका अलार्मची आणि तो बसवलेल्या गाडीची होते. एका कंपनीचा अलार्म, दुसऱ्या कंपनीचा रिमोट स्टार्ट आणि त्यांना टेपने बांधणारा तिसरा माणूस अशा जोडणीची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. ती थेट चौरस्त्यावर होते.

उरलेल्या वेळाही बोलक्या असतात. गाडी रिमोटने चालू झाली, भोंगा वाजला नाही, पण दार उघडताच वाजला, तर मालकाने दार नुसत्या किल्लीने उघडले असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीचे दार आधी रिमोटनेच अनलॉक करायचे असते. इंजिन वेळ संपून बंद पडल्यावर वाजला तर अलार्म पुन्हा पहाऱ्यावर बसताना कुठलेतरी दार किंवा डिकी त्याला अर्धवट उघडी दिसली. आणि रिमोट स्टार्टशी काहीही संबंध नसताना मध्यरात्री वाजत असेल तर बॉनेटचा स्विच पाहावा. ही चिमुकली कळ इंजिनाजवळ धूळ, पाणी आणि उष्णता या तिन्हींचा मार खाते. पावसाळ्यात ती गंजली की बॉनेट कधी उघडे, कधी बंद असल्याचे सांगत राहते. याच कळीमुळे पुष्कळदा रिमोट स्टार्टही नकार देतो, म्हणून दोन्ही तक्रारी एकत्र आल्या तर चोर जवळजवळ सापडलाच. शेताजवळ गाडी लावणाऱ्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही पाहाव्यात. एक प्रकार मात्र बिघाडात धरू नये. मॅन्युअल गिअरची गाडी गिअरमध्ये उभी करून रिमोटने चालू केली तर सेल्फ तिला पुढे ढकलतो. अशा झटक्याने भोंगा वाजला तर अलार्मचे आभार मानावेत आणि ती यंत्रणा त्या गाडीत का बसवली, असे फिटरला विचारावे. न्यूट्रल आणि हँडब्रेक यांची खात्री करून घेणारी व्यवस्था नसेल तर मॅन्युअल गाडीत रिमोट स्टार्ट धोक्याचाच.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढी शोधाशोध कशाला? सायरन काढून टाका, चोरी थांबवायला इममोबिलायझर आहेच. यात अर्धे सत्य आहे. भोंगा गाडीला अडवत नाही. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारा इममोबिलायझर अडवतो. म्हणूनच युरोपात १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या कारला तो सक्तीचा आहे. अमेरिकेत तो नसलेल्या ह्युंदाई आणि किया गाड्या पुढे सर्रास चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा २०२३ साली कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून दिले. त्यात किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ नये अशी तजवीज होती आणि भोंगाही ३० सेकंदांऐवजी एक मिनिट वाजेल असे केले होते. दोन्ही उपाय एकत्र दिले गेले, हे लक्षात घ्यावे. शिवाय बाजारातून रिमोट स्टार्ट बसवताना इममोबिलायझरला चकवल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. त्यासाठी मॉड्यूल बसवतात, आणि स्वस्तात काम करायचे तर दुसऱ्या किल्लीची चिपच डॅशबोर्डमागे दडवून ठेवतात. म्हणजे खरा पहारेकरी आधीच ढिला केलेला असतो. त्यावर सायरनही कापला तर गाडीला राखण उरतेच किती?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: महामार्गावरच्या इलेक्ट्रिशियनला हे सगळे जमेल का? त्याच्या हुशारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ट्रक-ट्रॅक्टरच्या वायरिंगमधला दोष तो बोटांच्या टोकावर ओळखतो. अडचण त्याच्या हत्याराची आणि माहितीची आहे. बल्बचा टेस्ट लॅम्प जुन्या वायरिंगला उत्तम, पण तो प्रवाह खेचतो आणि नाजूक मॉड्यूलच्या तारेला लावला तर मॉड्यूल जळू शकते. तिथे मल्टिमीटरच हवा. आणि नागपुरातल्या दुकानात कोणती वायर कुठे टोचली, हे चंद्रपूरच्या वाटेवरच्या माणसाला कोण सांगणार? ज्याने जोडणी केली त्याने तिचा कागद दिलेला नसतो. म्हणून वाटेत भोंगा वाजला तर इलेक्ट्रिशियनकडून बॅटरी, टर्मिनल, बॉनेटचा स्विच आणि शॉक सेन्सरचा स्क्रू एवढेच पाहून घ्यावे. शॉक सेन्सरचा प्लग काढून एक रात्र पाहणे हीसुद्धा निरुपद्रवी चाचणी आहे. एका वेळी एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि भोंगा थांबला तर तो कशाने थांबला हे कधीच कळत नाही. काही अलार्मचा छोटा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो यावरून कोणता सेन्सर भडकला ते कळते. त्याचा तक्ता पुस्तिकेत असतो. सेन्सर कसा फसवू शकतो ते नागपूरने पाहिले आहे: मे २०२४ च्या अखेरीस तिथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर बातमी झाली. तो आकडा आसपासच्या नोंदींशी जुळत नव्हता. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचे नंतर सांगितले. एका सेन्सरच्या बोलण्याचा दुसऱ्याशी ताळा करून पाहणे, अलार्मच्या तपासणीतही याहून वेगळे काही करायचे नसते.

कंपनीच्या गाडीत हे होत नाही, असेही म्हटले जाते. कमी होते, हे खरे. पण बॅटरी तिलाही म्हातारी होते, बॉनेटचा स्विच तिचाही गंजतो, आणि बाहेरून हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टिम बसवताना तिचीही वायर टोचली जाते. म्हणून अशा गाडीत साठवलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, आधी कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात वाचून घ्यावेत.

आता मूळ गरजेचाच विचार करू. भट्टीसारख्या गाडीत बसणे त्रासाचे आहे, हे विदर्भातल्या कुणाला सांगायला नको. पण सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालक नसताना इंजिन चालू ठेवायला मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम परवानगी देत नाही. चालकाच्या जागी परवानाधारक माणूस असावा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा, असे ते सांगते. जामच्या चौरस्त्यावरची हॉटेलापुढची जागा घराच्या आवारासारखी नाही. शिवाय बंद काचांच्या तापलेल्या गाडीत उभ्या इंजिनावर एसी लावण्यापेक्षा चारही काचा खाली करून दोन मिनिटे गाडी चालवली तर आतली गरम हवा लवकर निघून जाते. बंद गॅरेजमध्ये तर रिमोट स्टार्ट करूच नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

ज्यांना ही सोय तरीही हवीच आहे त्यांनी ती बसवतानाच दुकानदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: कोणत्या मॉडेलसाठी प्रोग्रॅमिंग केले, कोणती वायर कुठे जोडली, आणि इममोबिलायझरला चकवा कसा दिला. हा कागद गाडीच्या आरसीसोबत ठेवावा, आणि जो दुकानदार तो द्यायला तयार नसेल त्याच्याकडे गाडी सोपवू नये.